केमो बनवताना: सुईच्या टोकापासून पिवळ्या पिशवीपर्यंत

डॉक्सोरुबिसिन हे कॅन्सरचं औषध लाल असतं, म्हणून मला कळलं. नोकरीची पहिली वर्षं होती. वॉर्डाच्या साइड रूममध्ये, खिडकीजवळच्या ओट्यावर आम्ही केमो बनवायचो. हातात साधे लेटेक्सचे ग्लोव्हज, तोंडाला सर्जिकल मास्क. व्हायलमधून, म्हणजे औषधाच्या रबरी बुचाच्या बाटलीतून, सुई बाहेर काढताना बारीकसा ‘फुस्स’ आवाज आला, आणि मी पुढच्या कामाला लागले. मग ट्रेवरच्या पांढऱ्या टॉवेलकडे लक्ष गेलं. टाचणीच्या डोक्याएवढे लाल ठिपके, वीतभर अंतरापर्यंत उडालेले. एक ठिपका माझ्या कोपराजवळ, उघड्या हातावर. त्याआधी त्याच ओट्यावर मी सायक्लोफॉस्फामाइडच्या चार व्हायल बनवल्या होत्या. सायक्लोफॉस्फामाइडला रंग नसतो.

हा लेख केमो बनवणाऱ्या सिस्टर, ब्रदर आणि फार्मासिस्ट यांच्यासाठी आहे. विशेषतः जिथे नव्याने डे-केअर सुरू होतंय तिथल्यांसाठी. 2025-26च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पुढच्या 3 वर्षांत सगळ्या जिल्हा रुग्णालयांत डे-केअर कॅन्सर सेंटर काढण्याची घोषणा झाली, त्यातली 200 त्याच वर्षी. रुग्णाला दर तीन आठवड्यांनी मुंबईची वारी करावी लागणार नाही, ही फार मोठी गोष्ट आहे. पण खाटा आणि औषधं आली की केमो सुरू, असं होऊ नये. औषध कुठे बनणार आणि कोण बनवणार, हे आधी ठरलं पाहिजे.

धोका नेमका कोणता

ही औषधं वेगाने वाढणाऱ्या पेशी मारतात. त्यातली बरीच थेट डीएनएवर काम करतात, आणि पेशी रुग्णाची आहे की सिस्टरची, हे त्यांना कळत नाही. सायक्लोफॉस्फामाइड, मेल्फालन, बुसल्फान, क्लोरॅम्ब्युसिल ही औषधं माणसात कॅन्सर करू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने नोंदवलंय. ती तिच्या पहिल्या गटात आहेत. डॉक्सोरुबिसिन आणि सिस्प्लॅटिन त्याखालच्या, ‘बहुधा करतात’ या गटात. रुग्णासाठी हा हिशेब वेगळा असतो. त्याच्यापुढे आजार उभा असतो आणि औषधाचा फायदा धोक्यापेक्षा मोठा असतो. बनवणाऱ्याच्या वाट्याला फायदा शून्य, फक्त धोका येतो.

हे फिनलंडमध्ये पहिल्यांदा ठळकपणे दिसलं. 1979 साली तिथल्या संशोधकांनी केमो हाताळणाऱ्या नर्सेसची लघवी तपासली, तेव्हा तिच्यात जनुकांत बदल घडवणारे पदार्थ इतरांपेक्षा जास्त सापडले. 1985 साली तिथल्याच 17 हॉस्पिटलांमधल्या नर्सेसचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांनी गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत ही औषधं हाताळली होती, त्यांच्यात गर्भ जाण्याचं प्रमाण लक्षणीयरीत्या जास्त आढळलं. अमेरिकेतल्या नायॉश या, कामाच्या जागेच्या सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेने 2004 साली सगळ्या आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी इशारा काढला. ‘एवढ्या प्रमाणापर्यंत चालतं’ अशी सुरक्षित मर्यादा या औषधांसाठी कुणी ठरवून दिलेली नाही. त्यामुळे अंगावर जितकं कमी येईल तितकं कमी, एवढंच धोरण उरतं.

औषध शरीरात शिरतं ते मुख्यतः त्वचेतून. श्वासातून जाईल याची सगळ्यांना भीती असते आणि ती रास्तच आहे. पण रोजच्या कामात जास्त वाटा असतो तो हाताला लागलेल्या, न दिसणाऱ्या थराचा. तोच हात पेनाला, मोबाइलला, दाराच्या हँडलला लागतो आणि मग डब्यातल्या पोळीला. सुई टोचणं ही चौथी वाट.

तात्पुरता त्रासही होतो: डोकं दुखणं, मळमळ, डोळ्यांची आग, अंगावर पुरळ. केमोच्या दिवशी संध्याकाळी हमखास डोकं धरतं असं कुणी सांगितलं, तर ‘उपाशी असशील’ म्हणून सोडून देऊ नका. आधी त्या खोलीची हवा कुठून कुठे जाते ते बघा.

जागा: लॅमिनार फ्लो म्हणजे सुरक्षा नव्हे

सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहे, म्हणून जरा थांबून सांगते. ‘आमच्याकडे लॅमिनार आहे’ असं अभिमानाने सांगणारी कितीतरी हॉस्पिटलं मी पाहिली आहेत. आडवा लॅमिनार फ्लो मागच्या फिल्टरमधून स्वच्छ हवा पुढे सोडतो. म्हणजे हवा औषधावरून थेट बनवणाऱ्याच्या तोंडावर येते. औषध निर्जंतुक राहतं आणि उडालेला प्रत्येक कण तुमच्याकडे ढकलला जातो. साधी टीपीएन (शिरेतून द्यायचं पोषण) किंवा अँटिबायोटिक बनवायला तो उत्तम. केमोसाठी तो उघड्या ओट्याहूनही वाईट.

केमोला लागतं ते बायोसेफ्टी कॅबिनेट, क्लास 2. यात हवा वरून खाली येते, समोरच्या आणि मागच्या जाळीतून आत ओढली जाते आणि हेपा फिल्टरमधून जाते. पुढच्या फटीतून खोलीची हवा आत खेचली जात असल्यामुळे आतलं बाहेर येत नाही. फिल्टर मात्र कण अडवतो, वाफ अडवत नाही. म्हणून कॅबिनेटची हवा डक्टने इमारतीबाहेर सोडलेली असावी. बी2 प्रकारात सगळी हवा बाहेर जाते, ए2 प्रकारात काही भाग पुन्हा आत फिरतो; ए2ला बाहेरचा डक्ट जोडून घेता येतो. विकत घेताना विक्रेत्याला तीन प्रश्न विचारा. क्लास कोणता? हवा कुठे सोडणार? दर सहा महिन्यांनी तपासणी करून दाखला कोण देणार? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळत नसेल तर मशिन घेऊ नका.

खोलीला बाहेरच्या मानाने निगेटिव्ह प्रेशर, म्हणजे हवेचा कमी दाब, हवा. हे पाहायला घरगुती पण खात्रीची युक्ती आहे. दार बोटभर उघडून फटीपाशी टिश्यू पेपरची पट्टी धरा. ती खोलीच्या आतल्या बाजूला झुकली पाहिजे. बाहेरच्या बाजूला उडत असेल, तर तुमची खोली कॉरिडॉरमध्ये औषध सोडतेय. प्रेशर मीटर असला तरी ही पट्टी अधूनमधून धरून बघत जा.

कॅबिनेट असूनही फुकट घालवायचे मार्ग बरेच आहेत. समोरच्या जाळीवर ट्रे किंवा रजिस्टर ठेवणं, हात सारखे आत-बाहेर करणं, पंखा चालू ठेवणं, काच ठरलेल्या खुणेपेक्षा वर करणं. काम काठावर करायचं नाही, निदान वीतभर आत करायचं. कॅबिनेट शक्यतो रात्रंदिवस चालू ठेवतात. बंद ठेवावंच लागत असेल तर काम सुरू करण्याआधी ते चालू करून, उत्पादकाने सांगितलेला वेळ जाऊ द्यायचा. आणि आतला निळा यूव्ही दिवा केमोच्या औषधावर काहीही परिणाम करत नाही.

कॅबिनेट नाहीच, आणि रुग्ण दारात बसलाय, मग? माझं मत स्पष्ट आहे. साइड रूमच्या ओट्यावर केमो बनवू नका. जवळच्या मोठ्या केंद्रातून रुग्णाच्या नावाने तयार बॅग मागवता येते का, ते बघा. बऱ्याच औषधांचं द्रावण काही तास, काही वेळा दिवसभर टिकतं. कोणतं किती टिकतं ते लेबलवर आणि फार्मासिस्टकडून तपासून घ्या. ‘क्लोज्ड सिस्टिम’ जोडण्या मिळतात, फासील, केमोक्लेव्ह, इक्वाशील्ड अशा नावांच्या. त्या व्हायल आणि सिरिंज यांच्यातली वाट बंद ठेवतात आणि फार उपयोगी आहेत. पण त्या कॅबिनेटच्या जोडीला वापरायच्या. प्रशासनाला ‘हे घेतलं की कॅबिनेट नको’ असं वाटू देऊ नका.

कोणी बनवू नये

गरोदर, स्तनपान करणारी, किंवा मूल होऊ देण्याचा विचार असलेली व्यक्ती. यात पुरुषही आले. गरोदरपण कळतं तेव्हा पाच-सहा आठवडे होऊन गेलेले असतात आणि नाजूक काळ नेमका तोच असतो. म्हणून ‘सांगितलं की ड्युटी बदलू’ हे पुरेसं नाही. इन्चार्जने असं वातावरण ठेवावं की एखादी मुलगी येऊन हळूच म्हणेल, ‘सिस्टर, मला पुढचे काही महिने केमो रूम नको,’ आणि तिला कारण विचारलं जाणार नाही. ड्युटी चार्टमध्ये दोन-तीन जणींना आलटून-पालटून शिकवून ठेवलं की हे जमतं. एकटीवरच सगळं टाकलं की तिला नाही म्हणायची सोय राहत नाही.

अंगावर काय, कोणत्या क्रमाने

दागिने, घड्याळ, बांगड्या बाहेर. मोबाइल बाहेर. काजळ, लिपस्टिक नको. त्यावर कण चिकटतात.

हात धुऊन आधी टोपी आणि शू कव्हर. मग मास्क: एन-95 कणांपासून वाचवतो, वाफेपासून नाही. सर्जिकल मास्क तुमच्या थुंकीपासून औषधाला वाचवतो, औषधापासून तुम्हाला नाही. मग ग्लोव्हजची पहिली जोडी. त्यावर गाऊन, मागे बांधायचा, लांब बाह्यांचा, मनगटाला इलॅस्टिक असलेला, आणि आरपार न भिजणाऱ्या कापडाचा. ऑपरेशन थिएटरचा हिरवा सुती गाऊन चालत नाही. तो औषध शोषून तुमच्या अंगाला धरून ठेवतो. पहिल्या ग्लोव्हजची कड बाहीच्या आत, दुसऱ्या जोडीची कड बाहीवरून. मनगटाची पट्टी उघडी राहते ती इथेच. आरशासमोर हात पुढे करून एकदा बघा.

ग्लोव्हज केमोसाठी तपासलेले, पावडर नसलेले हवेत. खोक्यावर एएसटीएम डी 6978 असं लिहिलेलं असतं. व्हिनाइलचे पातळ ग्लोव्हज घेऊ नका. बाहेरची जोडी दर 30 मिनिटांनी बदलायची. फाटली, भोक पडलं किंवा औषध लागलं तर त्याच क्षणी. गाऊन दोन-तीन तासांनी, आणि औषध सांडलं तर लगेच. खर्चाचा प्रश्न येणारच. मी स्टोअरला एकच सांगायची, एका बॅगेतल्या औषधाच्या किमतीशी दोन जोड्या ग्लोव्हजची किंमत ताडून बघा.

बसण्याआधीची तयारी

डोस आतमध्ये बसून काढायचा नाही. रुग्णाचं वजन, उंची, बॉडी सरफेस एरिया (शरीराच्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ), सायकल नंबर (केमोची कितवी फेरी), रक्ताचे रिपोर्ट हे सगळं बाहेर, दोघांनी स्वतंत्रपणे तपासायचं. मग कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून काचेवर बाहेरून लावायचा. लागणारी प्रत्येक वस्तू आधीच आत ठेवायची, म्हणजे मध्येच उठावं लागत नाही. एका वेळी एकाच रुग्णाचं औषध. ही शिस्त आपल्यासाठी जितकी, तितकीच रुग्णासाठी.

व्हायल खोक्यातून काढली की ती स्वच्छ आहे असं धरून चालू नका. कारखान्यातूनच बाहेरच्या काचेवर औषधाचा अंश लागून येतो, हे अनेक देशांतल्या तपासण्यांत दिसलंय. म्हणून खोकं उघडतानाही ग्लोव्हज, आणि व्हायल ओल्या वाइपने पुसून आत. स्प्रे मारून पुसायचं नाही, वाइपवर द्रव घेऊन पुसायचं. स्प्रेने थर उडतो. हेच फ्रिजमधल्या व्हायलींचं. त्यांचा फ्रिज वेगळा असावा. निदान लसी आणि स्टाफचं दही त्यात नको.

मग एक काम जे बरेच जण उलट्या क्रमाने करतात: आयव्ही सेट. औषध टाकण्याआधी, बॅगेत नुसतं सलाईन असतानाच सेट जोडून नळी भरून घ्या आणि क्लॅम्प बंद करा. नाहीतर वॉर्डातली सिस्टर औषध असलेल्या बॅगेला सेट लावते, हवा काढायला टोकातून दोन-चार मिली किडनी ट्रेमध्ये सोडते, आणि आपण कॅबिनेटमध्ये केलेली सगळी काळजी रुग्णाच्या खाटेशेजारी सांडते. या एका बदलाला पैसा लागत नाही. आजपासून सुरू करता येईल असा दुसरा इतका मोठा बदल मला माहीत नाही.

सुई आत, हवा बाहेर: मुख्य काम

नर्सिंग स्कूलमध्ये आपल्याला काय शिकवलं? व्हायलमधून पाच मिली काढायचं तर आधी पाच मिली हवा आत ढकला, म्हणजे औषध सहज येतं. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनला हे ठीक आहे. केमोला हीच सवय घातक ठरते. आत दाब वाढला की सुई काढताना रबराच्या भोकातून फवारा उडतो. माझ्या टॉवेलवरचे लाल ठिपके त्याचेच होते. केमोचा नियम उलटा: व्हायलच्या आतला दाब बाहेरपेक्षा कायम किंचित कमी ठेवायचा.

500 मिलिग्रॅम सायक्लोफॉस्फामाइडच्या पावडरची व्हायल घेऊ. 25 मिली द्रव टाकला की एका मिलीत 20 मिलिग्रॅम होतं. सिरिंज ल्युअर-लॉक, म्हणजे फिरवून घट्ट बसणारी. नुसती दाबून बसवलेली सुई दाबाने निसटते. सिरिंज पाऊणपेक्षा जास्त कधी भरायची नाही, दट्ट्या मागून सुटतो. म्हणून 25 मिलीसाठी 50ची सिरिंज.

रबर स्पिरिटच्या वाइपने पुसा आणि वाळू द्या. व्हायल टेबलावर उभी, सुई रबरात. आता द्रव ढकलू नका. आधी दट्ट्या थोडा मागे ओढा, व्हायलमधली थोडी हवा सिरिंजमध्ये येईल. मग थोडासा द्रव सोडा. पुन्हा हवा ओढा, पुन्हा द्रव सोडा. हवा आणि द्रव यांची ही देवाणघेवाण हाताला कळते. दट्ट्या स्वतःहून मागे येऊ पाहत असेल तर आत दाब आहे, अजून हवा काढा. किंचित आत खेचला जात असेल तर बरोबर आहे. सगळा द्रव गेला की सुई तशीच ठेवून व्हायल गोल-गोल फिरवा, पावडर विरघळेपर्यंत. सायक्लोफॉस्फामाइड वेळ खातं. बाहेर दहा रुग्ण थांबलेले असतात आणि हात घाई करू लागतो. इथे घाई केली की फेस होतो, फेसामुळे डोस चुकतो, आणि मग तो फेस घालवायला आपण सिरिंजवर टिचक्या मारत बसतो.

औषध काढताना व्हायल उलटी करा, आणि जितकं काढायचं त्यापेक्षा थोडी कमी हवा, तीही टप्प्याटप्प्याने आत द्या. बुडबुडे आले तर ते परत व्हायलमध्येच सोडा. सुई वर धरून थेंब उडवत हवा काढायची सवय इथे पूर्ण बंद. डोस बरोबर झाला की व्हायल सरळ करा आणि सुई रबरात असतानाच दट्ट्या थोडा मागे ओढा, म्हणजे सुईत आणि तिच्या बुडाशी असलेला द्रव सिरिंजमध्ये परत येईल. मग रबराभोवती गॉज धरून सुई काढा. तो ‘फुस्स’ आवाज आला नाही पाहिजे. आला, तर थांबा, बाहेरचे ग्लोव्हज बदला, जागा पुसा, आणि मगच पुढे जा.

आपल्याकडे सर्रास दिसणारी एक गोष्ट: हवा जायला म्हणून रबरात दुसरी मोकळी सुई खोचून ठेवणं. ती सुई म्हणजे औषधाला उघडी चिमणी. हवेची वाट हवीच असेल तर पाणी न शोषणारा 0.2 मायक्रॉनचा फिल्टर असलेला केमो स्पाइक मिळतो, तो वापरा. व्हायल मोठी असेल, एकाच औषधाच्या चार-पाच व्हायल लागत असतील, तर स्पाइकने हातही कमी दुखतात.

अँपुल, म्हणजे मान तोडून उघडायची काचेची कुपी, असेल तर मानेतलं औषध टिचकी मारून खाली आणा, मानेभोवती निर्जंतुक गॉज गुंडाळा आणि आपल्यापासून दूर, कॅबिनेटच्या बाजूच्या भिंतीकडे तोडा. हेपा फिल्टरच्या दिशेने नाही. काचेचे कण राहू नयेत म्हणून फिल्टर नीडलने ओढा, आणि बॅगेत टाकताना सुई बदला.

बॅगेत

कोणतं औषध कशात, हे पाठ असलं तरी दर वेळी वाचा. ऑक्सॅलिप्लॅटिन फक्त 5 टक्के डेक्स्ट्रोजमध्ये, सलाईनमध्ये कधीच नाही. सिस्प्लॅटिनला उलट सलाईन लागतं, आणि ते फ्रिजमध्ये ठेवलं तर त्याचे खडे होतात. पॅक्लिटॅक्सेलला साधी पीव्हीसीची बॅग-नळी चालत नाही, आणि नळीत बारीक फिल्टर लागतो. हे तिन्ही एकाच आठवड्यात हाताखालून जातात आणि तिघांच्या सवयी वेगळ्या.

व्हिन्क्रिस्टीनबद्दल वेगळं सांगायलाच हवं. ते चुकून पाठीच्या कण्यात दिलं गेलं तर रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही. असे मृत्यू जगभर झालेत, आणि बहुतेक वेळा कारण एकच होतं, व्हिन्क्रिस्टीन आणि कण्यात द्यायचं मेथोट्रेक्सेट यांच्या सिरिंजेस एकाच ट्रेमध्ये पडल्या. 2007 साली जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की व्हिन्क्रिस्टीन सिरिंजमध्ये भरूच नका, छोट्या सलाईनच्या बॅगेत बनवा. बॅग कुणी कण्यात देणार नाही. तुम्ही बनवणारे आहात, म्हणजे ही चूक थांबवायची जागा तुमच्याच हातात आहे. डॉक्टरांनी सिरिंज मागितली तरी बॅगच द्या, आणि लेबलवर ठळक लिहा: फक्त शिरेतून, इतर मार्गाने दिल्यास मृत्यू.

बॅग तयार झाली की तोंडं आणि बाहेरची बाजू पुसा, बाहेरचे ग्लोव्हज काढा, मग लेबल लावा. नाव, नोंदणी क्रमांक, औषध, डोस, द्रव, बनवल्याची वेळ, कधीपर्यंत वापरायचं, आणि सायटोटॉक्सिकची (पेशींना मारक असल्याची) खूण. बॅग झिपलॉक पिशवीत, पिशवी झाकणाच्या घट्ट डब्यात. हातात नुसती बॅग झुलवत वॉर्डात जायचं नाही.

उतरवणं आणि पुसणं

काढताना क्रम महत्त्वाचा. बाहेरचे ग्लोव्हज कॅबिनेटच्या आतच काढून तिथल्याच पिशवीत. मग शू कव्हर, मग गाऊन उलटा करत, झटकू नका. मग टोपी, मास्क. सगळ्यात शेवटी आतले ग्लोव्हज. आणि साबण-पाण्याने हात. सॅनिटायझर इथे कामाचं नाही. ते जंतू मारतं, औषध धुऊन काढत नाही.

कॅबिनेट पुसायलाही नुसतं स्पिरिट पुरत नाही. स्पिरिटने औषध निष्क्रिय होत नाही, फक्त पसरतं. आधी हायपोक्लोराइट, जे बऱ्याच औषधांना मोडतं. त्याने स्टील खराब होतं म्हणून पाठोपाठ सोडियम थायोसल्फेट किंवा साध्या पाण्याने पुसून घ्यायचं. मग साबणाचं पाणी. शेवटी 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल. कमी घाणीकडून जास्त घाणीकडे, प्रत्येक वेळी नवी वाइप. ट्रे उचलून खालची जागाही पुसा. तिथे साचलेलं कुणी बघत नाही.

सांडलं तर

स्पिल किट दारामागच्या कपाटात कुलूपबंद असेल तर ती नसल्यासारखीच. समोर, उघडी, आणि आत काय आहे ते पाठ: दोन जोड्या ग्लोव्हज, गाऊन, चष्मा, मास्क, शोषून घेणारे पॅड, चिमटा किंवा छोटं सुपडं, जाड पिवळ्या पिशव्या, ‘इकडे येऊ नका’ असा बोर्ड.

आधी माणूस, मग फरशी. अंगावर आलं असेल तर कपडे काढा, साबण-पाण्याने धुवा. डोळ्यात गेलं तर पापणी उघडी धरून 15 मिनिटं पाणी किंवा सलाईन, आणि मग डॉक्टर. घड्याळ लावून 15. घाबरलेल्या माणसाला तीन मिनिटंही पंधरा वाटतात. जवळच्यांना दूर करा, बोर्ड लावा. गाऊन-ग्लोव्हज घालूनच पुढे जा. द्रव असेल तर पॅड हळूच वरून टाका. पावडर असेल तर ओला पॅड, नाहीतर ती उडते. बाहेरून आत गोळा करत या. काच चिमट्याने. मगच साबणाचं पाणी तीन वेळा, आणि हायपोक्लोराइटने पुसणं. सांडलेल्या औषधावर थेट हायपोक्लोराइट ओतायचं नाही. 5 मिलीपेक्षा जास्त सांडलं असेल तर एकट्याने करू नका. मदतनीस बोलवा आणि खोली रिकामी करा. लेखी नोंद त्याच दिवशी, अपघात कुणाच्या चुकीने झाला हे न बघता.

पिवळी पिशवी आणि मावशी

2016च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार केमोची औषधं आणि त्यांनी बरबटलेली प्रत्येक वस्तू, व्हायल, सिरिंज, ग्लोव्हज, गाऊन, पॅड, पिवळ्या वर्गात जाते. पिशवीवर सायटोटॉक्सिकची खूण हवी. हा कचरा 1200 अंश सेल्सिअसपेक्षा जास्त तापमानाला जाळावा लागतो, किंवा उत्पादकाकडे परत जातो. साध्या पिवळ्या कचऱ्यात मिसळला तर पुढे कुणाला कळणार नाही.

सुई हब कटरमध्ये कापायची नाही, बर्नरमध्ये जाळायची नाही, टोपण परत लावायचं नाही. इतर वॉर्डात आपण कटर वापरतो, तोच हात इथेही तिकडे वळतो. पण कापताना आणि जळताना सुईतलं औषध हवेत जातं. सिरिंज सुईसकट, अख्खी, न टोचणाऱ्या पिवळ्या डब्यात.

आणि ही पिशवी उचलतात त्या मावशी. त्यांना गाऊन नसतो, ग्लोव्हज पातळ असतात. ‘केमो’ हा शब्द त्यांनी ऐकलेला असतो, पण त्याचा धोका कुणी समजावून सांगितलेला नसतो. मी एकदा एका मावशींना ओली पिशवी पोटाशी धरून नेताना पाहिलं. गळत होती. त्यांचा काही दोष नव्हता. तोंड चिंधीने बांधलेलं, पिशवी एकेरी, आणि त्यांना तासाभरात तीन वॉर्ड संपवायचे होते. तेव्हापासून आमच्याकडे दुहेरी पिशवी, तोंडाला केबल टाय, आणि चाकाची गाडी. मावशींना आम्ही सिस्टरांसोबतच ट्रेनिंगला बसवतो, मराठीत, चित्रं दाखवून. रुग्णाची लघवी, उलटी, चादर केमोनंतर 48 तास ग्लोव्हज घालूनच हाताळायची, हेही त्यांना तेव्हाच सांगतो. कारण ते काम त्यांच्याच वाट्याला येतं.

सराव रंगाने करा

खऱ्या औषधावर शिकू नका. डोळ्यांच्या विभागात फ्लुरेसिन असतं, त्याचे थेंब व्हायलच्या पाण्यात मिसळा. ते नाही मिळालं तर टॉनिक वॉटर चालतं, त्यातलं क्विनाइन यूव्ही टॉर्चखाली निळसर चमकतं. नव्या मुलीला ग्लोव्हज-गाऊनसह पूर्ण काम करू द्या: व्हायल, सिरिंज, बॅग, लेबल, उतरवणं. मग दिवे मालवा आणि टॉर्च लावा.

आमच्याकडे पहिल्यांदा केलं तेव्हा वीस वर्षं केमो बनवलेल्या एक सीनियर सिस्टर तयार झाल्या. हात इतके सफाईदार की बघत राहावं. अंधारात टॉर्च फिरवला. व्हायलभोवती थोडं, ते अपेक्षितच होतं. मग डाव्या ग्लोव्हच्या अंगठ्यावर. मग मास्कच्या कडेला, जिथे नाक खाजवलं होतं. पेनावर, रजिस्टरच्या कडेवर. शेवटी टॉर्च दारापाशी नेला आणि हँडलवर चार बोटांचे ठसे चमकत होते. सिस्टर बराच वेळ त्या हँडलकडे बघत उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी मेंटेनन्सच्या माणसाला बोलावून हँडल काढून टाकायला लावलं आणि त्या जागी कोपराने ढकलायची पट्टी बसवून घेतली.